कक्षाबाहेरच्या दोघी

आइंडहोवन, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय लतिका आत्या,

तुझं कानाचं यंत्र पुन्हा बिघडलंय असं अण्णा म्हणाले, म्हणून फोन न करता लिहिते आहे. शिवाय जे विचारायचंय ते फोनवर ओरडून विचारण्यासारखं नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे, पण नीट कधी सांगितलं नाही. आमची कंपनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी एक मऊ पट्टा बनवते. तो बाळाच्या छातीभोवती बसवला की त्याचा श्वास आणि ठोके पडद्यावर दिसतात. एरवी त्या इवल्या अंगाला चिकटपट्ट्या लावतात, आणि त्या काढताना कातडी सोलली जाते गं त्यांची. गेलं वर्षभर इथल्या एका इस्पितळात या पट्ट्याची चाचणी चालू आहे. पट्टा बसवायला, सैल-घट्ट करायला मी स्वतः नवजात कक्षात जाते. काल एका मुलीला बसवत होते. तिचा अख्खा पंजा माझ्या नखाएवढा. तिने माझं बोट धरलं आणि सोडेचना. मीही सोडवलं नाही.

आता अडचण सांगते. यंदा इथे गोवर वाढलाय, म्हणून इस्पितळाने नियम केला की त्या कक्षात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला गोवराची लस झालेली हवी, नाहीतर रक्तात तरी संरक्षण दिसायला हवं. माझ्या रक्तात काहीच दिसलं नाही. अण्णांना विचारलं तेव्हा कळलं की बाकी सगळ्या लशी झाल्या, ही एक आजोबांनी देऊ दिली नव्हती. ही कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी शोधून बघितलं. खरं आहे ते.

कंपनीच्या डॉक्टरीणबाई फार सभ्य आहेत. म्हणाल्या, "इथे कुणी कुणाला बळजबरीने लस टोचत नाही. तुमच्या धर्माला मान्य नसेल तर तसं तुमच्या शब्दांत लिहून द्या, आम्ही मान राखू." तुझा जावई यतीन म्हणतो टोचून घे आणि मोकळी हो. त्याला या घरात धर्म फक्त पर्युषणात आठवतो. अण्णा म्हणतात, लतिकाला विचार.

म्हणून तुला विचारते. आपला धर्म याबद्दल काय सांगतो? मी जन्मात अंडं तोंडात घातलेलं नाही. बटाटा खाते, पण ते अण्णांना सांगू नकोस. या देशात बटाटा सोडला तर उपाशी राहीन.

तुझी,
अपूर्वा


जयसिंगपूर, १७ फेब्रुवारी

अपूर्वा,

जय जिनेंद्र. तुझं पत्र टॅबवर अक्षरं मोठी करून दोनदा वाचलं. बटाट्याचं मला आधीच माहीत आहे. तुझ्या फोटोतल्या ताटांत मागे काय असतं ते मला दिसतं.

पोरी, आनंद झाला. परदेशात राहून, एवढ्या मोठ्या यंत्रांत वावरून, तुला हा प्रश्न पडला हेच मला पुष्कळ आहे. तुझ्याहून लहान होते तेव्हा मलाही पडला होता. कोल्हापूरला बी.एस्सी.ला होते, प्राणिशास्त्र हा माझा आवडता विषय. पहिल्याच प्रॅक्टिकलला टेबलावर पाय ताणून टाचण्या मारलेला बेडूक. मी प्राध्यापकांना सांगितलं, सर, हे माझ्याकडून होणार नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग मुली, तू वनस्पतिशास्त्राकडे जा." गेले. पस्तीस वर्षं पानंफुलं शिकवली आणि कधी पस्तावले नाही.

तेव्हा तुझ्या पाठीशी मी उभी आहे. स्वाध्यायाच्या वर्गात विषय काढला. आम्ही सात जणी असतो. शोभा म्हणाली, हे अगदी सरळ आहे, पंचेंद्रिय जीवाच्या गर्भावर वाढवलेली वस्तू आपण जाणूनबुजून अंगात घ्यायची नाही. जाणूनबुजून केलेली ती संकल्पी हिंसा, आणि गृहस्थाने निदान तेवढी तरी टाळायची असते. मी बसून एक पान लिहून काढलं आहे. सोबत जोडते. भाषा जरा जड झाली आहे, पण साहेबलोकांना जड भाषाच कळते. तू इंग्रजी करून दे.

घाबरू नकोस. ठाम बोल. काय झालं ते कळव.

लतिका आत्या


आइंडहोवन, ९ मार्च

प्रिय आत्या,

सूट मिळाली.

तुझं पान मी इंग्रजीत उतरवलं आणि खरंच सगळे मन लावून वाचत राहिले. आमच्या डॉक्टरीणबाई होत्या, इस्पितळाचे एक उंच अधिकारी होते आणि कक्षाची मुख्य नर्स. अधिकाऱ्यांनी वर बघून विचारलं, "अंडं नाही, मांस नाही. मध तरी?"

"मधही नाही."

"मग सकाळी पावावर लावता काय?" खरीच काळजी होती गं त्यांच्या चेहऱ्यावर. शेंगदाण्याचं लोणी म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

माझी नोकरी शाबूत आहे, पगार तोच. फक्त कक्षाच्या दाराला माझं कार्ड आता चालत नाही. मला तळमजल्यावर एक खोली दिली आहे. वरच्या पट्ट्यांचे सगळे आकडे तिथे माझ्या पडद्यावर येतात. खोली छान उबदार आहे, खिडकीतून सायकलींचा तळ दिसतो.

एक मैत्रीणही मिळाली. तिचं नाव यानेके. ती याच कक्षात नर्स होती. नदीकाठच्या फळबागांच्या भागातल्या, देवभोळ्या गावची. ते लोक पक्के प्रोटेस्टंट, लस घेत नाहीत. यानेके म्हणते, आजार आणि आरोग्य दोन्ही देव देतो. आजारी पडलं तर औषध जरूर घ्यावं, पण धडधाकट माणसाने आधीच वैद्याकडे धाव घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. तिलाही सूट मिळाली आणि तिलाही खाली पाठवलं. आयांच्या दुधाच्या बाटल्या जपून ठेवायच्या खोलीत ती असते, माझ्या शेजारीच. रविवारी ती सायकलसुद्धा चालवत नाही. मी तिला सांगितलं, आमच्याकडे काही लोक चातुर्मासात गाव सोडत नाहीत. ती म्हणाली, "चार महिने? मग मी फारच मोकळी आहे." आम्ही डबे एकत्र खातो. तिने काल माझ्यासाठी बिनअंड्याचा सफरचंदाचा केक करून आणला. मधून खचला होता, पण आम्ही संपवला.

तेव्हा सगळं ठीक आहे. तुझे आणि शोभाकाकूंचे आभार.

तुझी,
अपूर्वा


जयसिंगपूर, २० मार्च

अपूर्वा,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. सगळ्या खूश झाल्या. मधाच्या गोष्टीवर मेधा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

घरी येऊन पुन्हा वाचलं. मग मागचं काढून वाचलं. मागच्या पत्रात एक मुलगी होती, तिने तुझं बोट धरलं होतं. या पत्रात केक आहे, खिडकी आहे, सायकली आहेत. बाळ एकही नाही.

मी मास्तरीण आहे. मुलांनी पेपरात काय लिहिलं त्यापेक्षा काय गाळलं ते मला आधी दिसतं. या वेळी उशिरा दिसलं, कारण तू प्रश्न विचारल्याबरोबर मला माझा बेडूक आठवला आणि मी माझंच उत्तर तुझ्या नावाने लिहून मोकळी झाले. धर्म काय सांगतो ते तू विचारलंस आणि मी सांगितलं. तुला काय हवंय ते मी विचारलंच नाही.

आता विचारते. खरं लिही.

आत्या


आइंडहोवन, २९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आल्यापासून चार वेळा लिहायला बसले. आज लिहूनच उठणार आहे.

मला आत जायचं आहे. पहिल्या दिवसापासून जायचं होतं. मला वाटलं होतं तू म्हणशील, हरकत नाही, घे लस. तू तसं म्हणाली असतीस तर मी अण्णांना सांगितलं असतं की आत्यानेच सांगितलं. त्याऐवजी तू इतकं सुंदर पान लिहून पाठवलंस की नको म्हणायला तोंडच राहिलं नाही. आणि ते मान्यही झालं. इथले लोक दुसऱ्याच्या श्रद्धेचा इतका मान राखतात की कधीकधी वाटतं, जरा भांडले असते तर बरं झालं असतं.

परवा पडद्यावर एका बाळाचा श्वास तुटक दिसायला लागला. मला बघताक्षणी कळलं की बाळ ठीक आहे, पट्टा काखेकडे सरकलाय. वर फोन केला. नर्स बिचारी मी सांगेन तसं करत होती, डावीकडून किंचित खाली, नाही, एवढं नको, जरा वर. माझे हात इथे टेबलावर हवेत हलत होते. शेवटी तिने पट्टा काढला आणि जुन्या चिकटपट्ट्या लावल्या. बरोबरच केलं तिने. पण त्यातली एक वाकडी लागली, ती काढताना बाळ रडलं ते फोनवर मला ऐकू आलं.

दुपारी त्या बाळाची आई खाली आली. मला ओळखते ती. म्हणाली, "तुम्ही आता वर येत नाही का? तुम्ही पट्टा बसवताना काहीतरी गुणगुणायच्या, तो शांत व्हायचा." तो णमोकार मंत्र होता आत्या, मला सवय आहे. मी तिला कारण सांगितलं. तिने मान हलवली, म्हणाली, "समजलं. तुमचा धर्म आहे." एक शब्द वावगा बोलली नाही. ती चिडली असती तर मला इतकं लागलं नसतं.

यानेकेला सांगितलं. ती बाटल्या लावत होती. म्हणाली, "मलाही वरची बाळं आठवतात. पण रात्री मी प्रार्थना करते आणि मला शांत झोप लागते. तुला लागते का?"

म्हटलं, नाही लागत.

"मग ती सूट माझी आहे," ती म्हणाली. "तुझी नाही. तू ती तुझ्या आत्याकडून उसनी आणली आहेस."

हे सगळं तुला लिहिताना भीती वाटते आहे. मला तुझी परवानगी नको आहे, मी एकतीस वर्षांची आहे. पण तुला वाईट वाटलं तर मला ते सहन होणार नाही. आजोबांनंतर अंडी विकणाऱ्या दुकानासमोरून मला हात धरून पलीकडच्या फुटपाथवर नेणारी तूच होतीस.

अपूर्वा


जयसिंगपूर, ४ एप्रिल

अपूर्वा,

वाईट वाटलं, पण कशाचं ते ऐक. तुला मला घाबरावंसं वाटलं याचं.

तुझी ती यानेके मला आवडली. तिला माझा नमस्कार सांग. स्वतःच्या मताची असून दुसऱ्याला आपल्याकडे ओढत नाही, असं माणूस मला आमच्या मंदिरातही क्वचित भेटतं.

आता धर्माचं. मी माझं पान पुन्हा वाचलं. त्यात चूक काही नाही, पण ते अर्धं आहे. मी बेडूक कापला नाही, त्याची किंमत मी दिली. माझा आवडता विषय गेला, इतकंच. बाहेरच्या कुणाचं काही बिघडलं नाही. तुला सूट मिळाली, तिची किंमत कोण देतंय? तू झोप देते आहेस, आणि वरचं एक पोर कातडी देतंय. आणि समज, तुला सूट देऊन आतही जाऊ दिलं असतं, तर तुझ्या श्वासातनं काय गेलं असतं त्याच्याकडे? आपण पाणी गाळून पितो, अपूर्वा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना आपल्यामुळे इजा होऊ नये म्हणून. मग डोळ्यांना दिसणाऱ्या, नखाएवढ्या पंजाच्या जिवाचं काय?

हिंसा चार प्रकारची सांगितली आहे. संकल्पी सांगून मी थांबले होते. पण घर चालवताना होते ती आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगात होते ती उद्योगी आणि कुणाचं रक्षण करताना होते ती विरोधी. गृहस्थाला या तिन्हींतून पूर्ण सुटका नाही. त्याने ती कमीत कमी करायची आणि तिचं भान ठेवायचं. बाळांच्या रक्षणासाठी तू टोचून घेतलंस तर कोंबडीला मारायचा तुझा संकल्प नाही. हे माझं मत. वर्गात मांडलं तेव्हा मेधासह चौघी माझ्या बाजूला आल्या. शोभा अजून चिडलेली आहे आणि मला ती तशीच आवडते. एकीला झोप लागली होती.

तुला घ्यायची असेल तर घे. माझ्या नावाने नको, तुझ्या नावाने घे. आणि मनाला टोचणी राहिलीच तर त्या दिवशी एकाशन कर, एकदाच जेव. रवींद्रशी मी बोलले आहे. तुझा बाप म्हणाला, "दंड दुखतो म्हणे त्याने. तिला सांग, डाव्या हाताला घे." तो असाच आहे.

आत्या


आइंडहोवन, १७ एप्रिल

आत्या,

हे पत्र घाईत आहे आणि सरळ येईल की नाही माहीत नाही.

आज लस घ्यायला गेले होते. तू सांगितलंस तसं एकाशन करायचं ठरवलं होतं, म्हणून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. यतीन सोबत होता. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी बाही वर करायला सांगितली, सुई तयार होती. त्या नेहमीचे प्रश्न विचारत होत्या. ताप आहे? नाही. कशाची ॲलर्जी? नाही. दिवस गेलेले असण्याची शक्यता?

मी नाही म्हणाले. मग यतीनकडे बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला.

बाईंनी सुई खाली ठेवली. म्हणाल्या, "ही लस गरोदर बाईला देत नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे, तपासून घेऊ."

तपासून घेतलं आत्या.

चार वर्षं झाली, आम्ही दोघांनी मुलाचा विषय बोलणंच सोडून दिलं होतं. यतीन तिथे जमिनीवरच बसला. त्या बाईंना वाटलं त्याला चक्कर आली, म्हणून त्यांनी त्यालाच आधी पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?" खरं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या पिशवीतली बिस्किटं काढून माझ्या हातात दिली आणि संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. एकाशन मोडलं. बिस्किटांत अंडं नव्हतं, मी पाकीट वाचलं.

तर मला पुन्हा सूट मिळाली आहे. या वेळी कुणाला काही लिहून द्यावं लागलं नाही.

अण्णांना मी आत्ता फोन करते. तुला पहिल्यांदा सांगितलं, हे त्यांना कळू देऊ नकोस.

अपूर्वा


जयसिंगपूर, १८ एप्रिल

अपूर्वा, माझ्या बाळा,

पत्र वाचलं तेव्हा मी मंदिरातून नुकतीच आले होते. परत गेले. आदिनाथांसमोर नुसती बसून राहिले. शोभा तिथेच होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कुणी गेलं का?" म्हटलं, "नाही गं, कुणी येतंय." मग आम्ही दोघी रडलो. एवढे दिवस आम्ही बोलत नव्हतो, ते तिथेच मिटलं.

आता मी सांगते ते ऐक. उपास, एकाशन, काही करायचं नाही. तुझ्या वाटणीचं मी करेन. शेंगदाण्याचं लोणी खा, दूध पी, आणि बटाटाही खा, मी रवींद्रला बघून घेईन.

आणि गोवराचं काय? तुला संरक्षण नाही आणि आता लसही घेता येत नाही. साथ अजून आहे का तिथे? ते आधी कळव. मी पासपोर्ट शोधायला घेतला आहे.

आत्या


आइंडहोवन, २४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

फोटोंतून पोट बघतेसच, पण पत्र राहिलं होतं. मुलगी आहे की मुलगा, ते सांगतात इथे, पण आम्ही विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात डांग्या खोकल्याची लस घेतली. इथे ती प्रत्येक गरोदर बाईला देतात, म्हणजे बाळ जन्मतानाच संरक्षण घेऊन येतं. या वेळी मी काही शोधलं नाही, कुणाला विचारलं नाही. डावा दंड पुढे केला. अण्णांना कळव.

गोवराचं तू विचारलं होतंस. त्याची एक गोष्ट लिहायची राहिली.

मे महिन्यात यानेकेच्या गावात गोवर पसरला. तिच्या भाचरांना झाला, सगळी बरी झाली आता. पण ज्या दिवशी तिला कळलं, त्या दिवशी ती कामावर आलीच नाही. मला फोन केला. म्हणाली, "मी तुझ्या खोलीशेजारी बसणार नाही. मला झालेला नसेल, पण असलाच तर तुझ्या पोटातल्याला माझ्यामुळे काही व्हायला नको." मी म्हटलं, पण तुझा देवावर भरवसा आहे ना? ती हसली. "माझ्यासाठी आहे. तुझ्या बाळाच्या जिवावर मी तो ठेवायचा, असं त्याने मला कुठे सांगितलंय?"

तिने स्वतःच साहेबांना सांगून दुसऱ्या इमारतीतलं काम मागून घेतलं. दूध सोडून आता ती बिलं बघते, तिला ते अजिबात आवडत नाही. दुपारी आम्ही फोन लावून आपापल्या ठिकाणी डबा खातो. लस तिने घेतलेली नाही आणि घेणारही नाही. मी एकदाही तसं सुचवलं नाही, तिनेही मला कधी काही सुचवलं नव्हतं. ती बाळासाठी लोकरीचं काहीतरी विणते आहे. मी रेशीम वापरत नाही हे ऐकल्यावर तिने काळजीने विचारलं, "आणि लोकर?" मी म्हटलं, मेंढी जिवंत असते ना, मग चालेल. तिने गावातल्या त्या मेंढीचा फोटोच पाठवला. मेंढी ठणठणीत आहे.

व्हिसाचं काय झालं? इथे नोव्हेंबरात थंडी असते. मोजे भरपूर आण.

अपूर्वा


जयसिंगपूर, ३ मार्च २०२६

अपूर्वा,

पोचले. अंथरुणावर पडले तर तीन दिवस तुमच्याकडच्या घड्याळाप्रमाणे जाग येत होती आणि हात पाळणा शोधत होता.

वर्गात रोज एक गोष्ट सांगते, तरी संपत नाही. बाळ झाल्यावर आठ दिवस सरकारमान्य नर्स घरी येऊन बाळंतिणीचं करते, हे कुणालाच खरं वाटत नाही. आणि टोस्टवर लोणी लावून बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पेरून आल्यागेल्याला देतात, हे ऐकून शोभा म्हणाली, "म्हणजे बारसं आणि मुखवास एकदमच उरकतात." मी माझ्या बॅगेतून एक डबा आणला होता, तो फोडला. सगळ्यांनी वाटून खाल्ल्या.

ईर्या हे नाव सगळ्यांना आवडलं. पावलाखाली कुणी येत नाही ना, हे बघत चालणं. याहून चांगलं मी तिला काय देणार होते.

एक सांगायचं राहिलं. तुझ्याकडे येताना मी डांग्या खोकल्याची लस घेऊनच विमानात बसले होते. गोवर मला लहानपणी येऊन गेलाय. तू विचारलं नव्हतंस, म्हणून बोलले नाही. आणि जानेवारीत तू गोवराची घेतलीस तेव्हा ईर्याला मांडीवर घेऊन तू बसली होतीस, बाही वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मला ते फार आवडलं. त्या संध्याकाळी भूक नाही म्हणाले ते खोटं होतं, तुझ्या वाटणीचं एकाशन होतं ते.

कामावर कधी जाणार? कळव.

आत्या


आइंडहोवन, २९ मार्च २०२६

प्रिय आत्या,

गेल्या सोमवारी कामावर रुजू झाले. फेब्रुवारीत दुसरा डोस झाला होता, रक्ताचा अहवालही आला. दाराला कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. आत तीच ऊब, तोच मंद उजेड. मुख्य नर्सने एक पट्टा हातात दिला आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं. जुळ्यांतला लहानगा होता. मी हात धुतले, कोपरापर्यंत, आणि बसवला. एका प्रयत्नात बसला. मग बराच वेळ तिथेच उभी राहिले, काम नसताना.

काल शनिवारी यानेके आली. तिच्या गावाजवळ पुन्हा एक-दोन मुलांना गोवर निघालाय, आणि पोटात असताना माझ्याकडून ईर्याला त्याचं संरक्षण मिळालेलं नाही, तिची लस अजून वर्षभर दूर आहे. म्हणून यानेके घरात आली नाही. मी फोनवर कितीदा म्हटलं की नंतर ये, घाई काय आहे. पण तिला बाळाला बघायचंच होतं. मागच्या अंगणात, बंद खिडकीच्या पलीकडे, लांब कोट घालून उभी राहिली. पाऊस होता. छत्रीही धड नव्हती तिच्याकडे.

मी ईर्याला उचलून काचेशी धरलं. तिने यानेकेने विणलेलं टोपडं घातलं होतं, ते एका डोळ्यावर आलं होतं. यानेकेने आधी हात हलवला. मग, तुला माहीत आहे ती किती गंभीर आहे, तिने गाल फुगवले आणि ओल्या छत्रीमागे लपली. पुन्हा बाहेर आली. पुन्हा लपली.

ईर्या हसली, आत्या. आवाज काढून, पोट हलवून, पहिल्यांदाच. यतीन स्वयंपाकघरातून धावत आला. काचेतून तो आवाज यानेकेला ऐकू गेला नसेल, पण तिने बघितलं आणि तीही हसायला लागली, पावसात उभी राहून, दोन्ही हात तोंडावर ठेवून. ती थांबली की ईर्या तिला शोधायची, आणि ती दिसली की पुन्हा हसायची. मला खिडकीपासून हलताच येईना. हात भरून आले तरी तिला धरून तशीच उभी होते.

तुझी,
अपूर्वा